कंपनी सोडली की पैसे बुडाले, हा कुठला न्याय? : ट्रायला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : मुदतीआधी कंपनी सोडणाऱ्या मोबाईल ग्राहकाचे उरलेले पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात एका गावी माझं मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सगळ्या कंपन्यांची सिमं विकतो, रिचार्ज मारतो, पोर्ट करून देतो, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलून देतो, आणि ज्याला कंपनीचा इंग्रजी मेसेज वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवतो. वर्षाचं रिचार्ज मारलं की माझं कमिशनही त्या मानाने मोठं होतं. तेव्हा पुढे जे लिहितोय ते माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जाणारं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मुद्दा एकच आहे. एखाद्याने वर्षभराचे पैसे आगाऊ भरले, चार महिन्यांत नेटवर्कने जीव नकोसा केला आणि तो दुसऱ्या कंपनीत गेला, तर उरलेल्या आठ महिन्यांचे पैसे पहिली कंपनी ठेवून घेते. थोडेथोडके नाही, सगळे. पोर्ट झालं की जुन्या खात्यावरचा बॅलन्स आणि उरलेली मुदत दोन्ही संपतात, असा नियमच आहे. तो तुमच्या माहितीपत्रकात आहे आणि पोर्ट करताना आम्हीही ग्राहकाला तोच ऐकवतो.

मुदतीआधी सोडल्याबद्दल पैसे घ्यायची रीत काही आपल्याकडेच निघाली असं नाही. अमेरिकेत कंपन्या महागडा हँडसेट स्वस्तात द्यायच्या आणि ग्राहकाला दोन वर्षांच्या कराराने बांधून घ्यायच्या. मधेच सोडायचं तर ठरलेली रक्कम मोजावी लागे. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझन या तिथल्या मोबाईल कंपनीने स्मार्टफोनवाल्यांसाठी ही रक्कम दुप्पट करून ३५० डॉलर केली, तेव्हा तिथल्या दूरसंचार आयोगाने पत्र पाठवून कंपनीला जाब विचारला. ती रक्कम दर महिन्याला १० डॉलरने उतरायची, पण तेविसाव्या महिन्यात सोडलं तरी शंभरावर डॉलर भरावेच लागायचे, ही लोकांची ओरड होती. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका न्यायालयाने स्प्रिंट कंपनीची अशीच आकारणी बेकायदा ठरवली होती. कॅनडाने तर २०१३ मध्ये नियमावलीच केली. दोन वर्षं झाली की ग्राहक काहीही न भरता मोकळा. त्याआधी गेला तर हँडसेटवर जी सवलत दिली असेल तिचा उरलेला हिस्सा तेवढा द्यायचा, आणि तो हिस्साही महिन्यागणिक सारखा कमी होत शून्यावर आला पाहिजे.

तिकडची भांडणं इथे आणण्याचं कारण असं, की तिथे निदान कंपनीने आधी काही दिलेलं असायचं. शे-दोनशे डॉलरची सवलत तिच्या अंगावर असायची, आणि ग्राहक पळाला तर ती वसूल कशी करायची हा तिचा खरा प्रश्न होता. आमच्याकडे उलटं आहे. शंभरातले नव्वदाहून जास्त ग्राहक प्रीपेडचे. हँडसेट स्वतःच्या पैशाचा, सिम स्वतःच्या पैशाचं आणि सेवेचे पैसे सेवेच्या आधी. अंगावर घेतलंय ते ग्राहकाने. कंपनी त्याची देणेकरी आहे, पुढच्या आठ महिन्यांची. देणेकरी काम नीट करत नाही म्हणून घेणेकरी उठून गेला, तर पैसे देणेकऱ्याच्याच खिशात राहतात, हा कुठला हिशोब?

आता तुम्ही म्हणाल, महिन्या-महिन्याचं रिचार्ज मारा, कोणी अडवलंय? त्यासाठी आमच्या भागात पैसा कधी येतो ते समजून घ्यावं लागेल.

इथे पगार नाही. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरमध्ये थोडा पैसा हाती लागतो, तो बहुधा उधारीतच जातो. कापूस दसरा-दिवाळीपासून निघायला लागतो. ज्याला निकड आहे तो खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, पडेल भावात देऊन टाकतो. ज्याला थोडा दम धरता येतो तो भाव चढेल म्हणून घरात भरून ठेवतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढतो. तूर, हरभरा मार्चपर्यंत. त्यानंतर लग्नसराई, आणि जून उजाडला की बियाणं, खत, फवारणी. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या खिशात दमडी नसते. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज, त्यातले पाच-सहा नेमके या कडकीच्या महिन्यांत येतात. उधारीची वही माझ्याकडेही आहे, मला ते दिसतं.

म्हणून शहाणा कास्तकार काय करतो? कापसाचे पैसे खात्यात पडले की किराणा भरावा तसं वर्षाचं रिचार्ज मारून मोकळा होतो. त्यात थोडी बचत होते आणि पावसाळ्यात इनकमिंग बंद पडायची धास्ती राहत नाही. हा शौक नाही. नंबर चालू असणं आता शेतीचाच भाग झालाय. पीएम किसानच्या ई-केवायसीला ओटीपी लागतो, पीक विम्याच्या अर्जाला लागतो, बँकेला तर लागतोच. ई-पीक पाहणी मोबाईलवरून करायची असते. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून ॲपवर नोंदणी आली. नंबर बंद म्हणजे कास्तकार सरकारदरबारी गायब.

म्हणजे ज्याची आवक वर्षातून एक-दोनदाच होते, तोच सर्वात लांब मुदतीचे पैसे भरतो. आणि सर्वात जास्त तोच अडकतो. पुण्या-मुंबईतल्या पगारदाराला नेटवर्क आवडलं नाही तर महिना संपेपर्यंत थांबायचं आणि निघायचं, फार तर दोन-तीनशेचं नुकसान. शेतकऱ्याची वर्षाची रक्कम अडकलेली असते.

बरं, नेटवर्क वाईट आहे हे रिचार्ज मारताना कळत का नाही? कारण ते फेब्रुवारीत वाईट नसतं. फेब्रुवारीत आभाळ निरभ्र असतं, विजेची लाईन बऱ्यापैकी असते, टॉवर चालतो. खरी परीक्षा जूनमध्ये. पहिल्या वादळात तारा तुटतात, डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर जळतो, लाईन गेली की टॉवरची बॅटरी थोडा वेळ तग धरते आणि मग टॉवरही बसतो. जनरेटर असला तर त्यात डिझेल नसतं. मग अख्खं गाव पाण्याच्या टाकीजवळच्या उंचवट्यावर जाऊन हात वर करून रेंज शोधतं. दुसऱ्या कंपनीचा टॉवर रोडच्या बाजूला असतो, तो चालू असतो. माणसाच्या मनात साहजिकच येतं, की तिकडे जावं.

गेल्या पावसाळ्यात असेच एक काकाजी दुकानात आले. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला डब्बा फोन, म्हणजे साधा बटणांचा. पोरगी नागपूरकडे दिलेली. म्हणाले, "भाऊ, हे कंपनी बदलून दे बाप्पा. पोरगी फोन लावते तं लागतच नाही म्हणते." घरात भरून ठेवलेला कापूस विकल्यावर त्यांनी माझ्याकडेच वर्षाचं रिचार्ज मारलं होतं. मी त्यांच्या फोनवरून १९०० ला पोर्टचा मेसेज टाकला. दुकानासमोर रेंज असते, कंपनी बदलायला लागणारा कोड लगेच आला. मग सांगणं भाग होतं, की काकाजी, नवीन कंपनीत गेलं की जुन्या रिचार्जचे राहिलेले पैसे जातात, तिकडे पहिल्यापासून भरावं लागेल.

"जातात म्हणजे? कुठी जातात?"

मी म्हटलं, कंपनीकडेच राहतात.

"अन् टॉवर त्याईचाच बंद हाय ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तर देणं माझं काम नाही, तुमचं आहे. त्यांनी फोन परत पिशवीत गुंडाळला, वरून रबर चढवला. "राहू दे मंग. मुदत सरेलोक काढतो." कोडची मुदत चार दिवसांची असते, ती उलटून गेली. पोरीशी बोलायचं तर ते आजही टाकीपर्यंत चालत जातात.

पोर्टची सोय २०११ च्या जानेवारीत देशभर सुरू झाली तेव्हा आम्हा दुकानदारांनाही कौतुक होतं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते म्हणजे कंपनीला धाक राहणार. तो धाक काकाजींच्या बाबतीत कुठे राहिला? ज्या ग्राहकाचे आठ महिन्यांचे पैसे आपल्याकडे पडून आहेत त्याच्यासाठी टॉवरवर नवीन बॅटरी कशाला बसवायची, असा विचार कंपनीने केला तर व्यवहाराच्या दृष्टीने तिचं काही चुकत नाही. चुकतंय ते नियमाचं.

आणि हा नियम आणखी घट्ट झालाय तो तुमच्या एका चांगल्या निर्णयामुळे. डिसेंबर २०२४ मध्ये तुम्ही फक्त बोलणं आणि एसएमएस देणारं व्हाउचर, म्हणजे रिचार्जचा प्लॅन, ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. डब्बा फोनवाल्यांवर फार उपकार झाले, कारण नेट न वापरता नेटचे पैसे भरत होते बिचारे. पण त्याच आदेशात विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. मुदत चौपट वाढवली, मुदतीआधी निघायची वाट मात्र आखली नाही. ९० दिवसांत बुडून बुडून किती बुडणार? ३६५ दिवसांची गोष्ट वेगळी आहे.

नुकसानभरपाईचा नियम आहे, हेही मला ठाऊक आहे. सेवेच्या गुणवत्तेचे जे नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, त्यांत म्हटलंय की सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला, एप्रिल २०२५ पासून, मुदतवाढ द्यायची. वाचून बरं वाटलं. पण माप कोणतं धरलंय? जिल्हा. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. पुसद-उमरखेडपासून वणी-मारेगावपर्यंत सगळीकडचे टॉवर एकदम कधी बसणार आणि आमच्या काकाजींना मुदतवाढ कधी मिळणार? आमच्याकडे जिल्हा बंद पडत नाही, गाव बंद पडतं. एका गावचा टॉवर आठवडाभर बंद राहिला तरी जिल्ह्याच्या सरासरीत त्याची टाचणीएवढीही खूण उमटत नाही. भरपाई मिळत नाही म्हणून माणूस सोडून जायला बघतो, आणि सोडून जायचं तर पैसे बुडतात. दोन्हीकडून दार बंद.

कंपन्यांची बाजू मी ऐकून आहे. त्यांचा माणूस दुकानात येतो तेव्हा चहा पिता पिता हेच विषय निघतात. तो म्हणतो, वर्षाच्या प्लॅनवर आम्ही सवलत देतो ती वर्षभर राहण्यासाठीच. मधेच पैसे परत द्यायला लागलो तर लोक वर्षाचं स्वस्त रिचार्ज मारतील, चार महिने वापरतील आणि पैसे घेऊन चालते होतील. हा मुद्दा बिनबुडाचा नाही. सवलत घ्यायची आणि अट पाळायची नाही, हे ग्राहकानेही करू नये.

पण याला साधा तोडगा आहे, तिसरी-चौथीतलं पोर करील असा. जितके दिवस वापरलं तितक्या दिवसांचे पैसे छोट्या प्लॅनच्या दराने कापा आणि बाकीचे परत द्या. समजा वर्षाचा प्लॅन ३,६०० रुपयांचा आहे आणि तेवढाच डेटा देणारा २८ दिवसांचा प्लॅन ३५० चा. ग्राहक ११२ दिवसांनी निघाला, म्हणजे चार छोटे प्लॅन वापरले. त्याचे १,४०० झाले. ३,६०० मधून ते वजा केले, २,२०० परत. सवलतीचा एक रुपयाही त्याला मिळाला नाही, कंपनीला चार महिन्यांचे पूर्ण दराने पैसे मिळाले. आता तोच माणूस २८० दिवसांनी निघाला तर दहा प्लॅनचे ३,५०० कापून हाती १०० रुपये येतील. अकरावा प्लॅन सुरू झाल्यावर काहीच नाही. म्हणजे जसजशी मुदत सरत जाते तसतसा परतावा आपोआप शून्यावर येतो. वेगळा दंड ठरवायला नको, कमी-जास्तीचा वाद नको. कंपनीचं नुकसान कुठे झालं, हे कोणी मला या आकड्यांत दाखवून द्यावं.

आज याच हिशोबात ११२ व्या दिवशी निघणाऱ्याला किती मिळतात? शून्य. म्हणजे २,२०० रुपये कंपनीने कशाबद्दल घेतले, याचं उत्तर कोणाकडेच नाही. त्यावर ग्राहकाने १८ टक्के जीएसटी भरलाय, न मिळालेल्या सेवेचा, ते वेगळंच. रेल्वेचं तिकीट रद्द केलं तर किती वेळ आधी रद्द केलं ते बघून पैसे कापतात आणि बाकीचे परत करतात. तिथे तर जागा रिकामी जायची भीती असते. इथे कोणती जागा रिकामी गेली?

कंपन्यांना असा उतरता हिशोब मांडता येत नाही असंही नाही. २०१७ मध्ये दीड हजार रुपये अनामत घेऊन एक बटणांचा ४जी फोन बाजारात आला होता. आमच्या गावातही पुष्कळ खपला. त्याच्या अटी आम्हाला तोंडपाठ होत्या. तीन वर्षांनी परत केला तर पूर्ण अनामत, पहिल्या वर्षात केला तर काही नाही, दुसऱ्या वर्षात पाचशे, तिसऱ्यात हजार. अटी कडक होत्या, त्यांच्यावर टीकाही झाली. पण मुदत जितकी सरली तितके पैसे मोकळे, हे तत्त्व त्यात होतं. वस्तू परत घेताना जे जमतं ते सेवा थांबवताना का जमू नये?

पैसे परत करायचे कसे, हाही प्रश्न उगाच मोठा केला जातो. ऑनलाइन भरले असतील तर त्याच खात्यात. दुकानातून रोख भरले असतील तर दुकानदाराच्या रिचार्जच्या खात्यात जमा करा, आम्ही ग्राहकाची सही घेऊन रोख देऊ. माझं कमिशन त्या प्रमाणात परत कापा, तेवढ्याने माझी चूल विझणार नाही. पोस्टपेड ग्राहकाची अनामत ठरलेल्या दिवसांत परत करायचा नियम आहेच, आणि ती होते. तीच यंत्रणा इथे वापरायची.

पोस्टपेडवरून आठवलं. पोर्ट नाकारायची जी कारणं तुमच्या २००९ च्या नियमांत दिली आहेत त्यांत एक असं आहे, की करारात बाहेर पडायची अट असेल आणि ग्राहकाने ती पाळली नसेल तर पोर्ट नाकारता येतं. अट असू द्या. पण ती अट किती रकमेपर्यंत चालेल, त्या रकमेला कंपनीच्या खऱ्या नुकसानाशी काही नातं असावं की नाही, हेही त्याच नियमात यायला हवं होतं. आमच्याकडे पोस्टपेड कमी, पण तालुक्याच्या गावी मास्तर लोक घरी फायबरचं इंटरनेट घेतात. राउटर 'फुकट' म्हणून बसवून जातात आणि सहा महिन्यांनी बदली झाली की आगाऊ भरलेल्या भाड्याचं काय होतं ते त्यांनाच विचारा. हप्त्यावर घेतलेल्या फोनचीही अशीच गत आहे, पण ते खातं रिझर्व्ह बँकेचं, त्यात तुम्हाला ओढत नाही.

कायदा काय म्हणतो तेही थोडं बघा. करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी वाजवी भरपाई तेवढीच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेह चंद खटल्यात हेच सांगितलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तर आणखी स्पष्ट आहे. करार मोडल्यामुळे झालेल्या नुकसानाच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लावणारा करार हा 'अन्यायकारक करार' आहे, असं त्याच्या व्याख्येत लिहिलंय. आणि मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पक्कं केलं.

मग जा ना आयोगात, असं कोणी म्हणेल. जावं, पण कुठे? नादुरुस्त मिक्सरची तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगात चालते. करारच अन्यायकारक आहे अशी तक्रार मात्र जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगात करायची असते. म्हणजे आमच्यासाठी नागपूरचं खंडपीठ. दोन हजार रुपयांसाठी सोंगणीच्या दिवसांत काम टाकून नागपूरच्या तारखा कोण करील? तुमच्याकडे वैयक्तिक तक्रार घेतली जात नाही, हे तुम्हीच जाहीर केलंय. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार केली की तक्रार क्रमांक मिळतो, त्यावर समाधान नाही झालं तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं. तो नियम दाखवतो, आणि नियमात लिहिलंय की पोर्ट केलं की बॅलन्स जातो. त्याचंही बरोबर आहे. त्यामुळे फिरून फिरून गाडी नियमावरच येते, आणि नियम करणारे तुम्ही.

तुम्ही मनावर घेतलं की होतं, हे मी काउंटरवर बसून पाहिलंय. खात्यात २० रुपये असतील तर न वापरलेला नंबर बंद करायचा नाही, ही सोय २०१३ ची. मजुरीला बाहेरगावी गेलेल्या कित्येकांचे नंबर त्यामुळे वाचले. छोट्या प्लॅनवाल्यांना पोर्टचा मेसेजच पाठवता येत नव्हता, कारण त्यांच्या प्लॅनमध्ये एसएमएस नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये तुम्ही आदेश काढला की कुठलाही प्लॅन असो, १९०० ला मेसेज गेलाच पाहिजे. २८ दिवसांच्या महिन्यावर ओरड झाली तेव्हा २०२२ मध्ये ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा प्लॅन ठेवायला लावला. प्रत्येक वेळी कंपन्या म्हणाल्या असतील की धंदा बुडेल. कोणाचा बुडाला?

तेव्हा आमचं मागणं ऐका. तीन महिन्यांहून लांब मुदतीचं प्रत्येक रिचार्ज मधेच सोडता आलं पाहिजे, आणि वर मांडला त्या हिशोबाने उरलेले पैसे पोर्ट झाल्यापासून ठरावीक दिवसांत परत मिळाले पाहिजेत. टॉवर बंद असल्यामुळे सोडावं लागलं असेल, तर सवलतसुद्धा कापू नये, राहिलेल्या दिवसांचे सरळ पैसे द्यावेत, कारण करार तिथे ग्राहकाने मोडलेला नाही. टॉवर बंद होता की नाही याची नोंद कंपनीकडे मिनिटा-मिनिटाची असते, ती मागवा. जिल्ह्याचं माप सोडून गावच्या टॉवरचं माप धरा. आणि परताव्याचा आकडा रिचार्ज मारतानाच मेसेजमध्ये आला पाहिजे, मराठीत, की आज सोडलं तर इतके, सहा महिन्यांनी सोडलं तर इतके.

नवीन कंपनीत गेल्यावर ९० दिवस हलता येत नाही, त्याचाही विचार व्हावा. कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावलेत ते ठीक, पण नकाशात आमचं गाव हिरवंगार दिसतं आणि वावरात गेलं की फोनवर एक काडी. घरी आणि वावरात रेंज येते का हे बघायला पहिले पंधरा दिवस द्या. नाही आली तर पूर्ण पैसे परत आणि पोर्टला ९० दिवसांची आडकाठी नको. हे झालं तर लोक जास्त विश्वासाने वर्षाचं रिचार्ज मारतील, कंपन्यांचाच फायदा आहे. माझाही.

शेवटी एक कामाची विनंती. असा कोणताही नियम करण्याआधी तुम्ही सल्लामसलतीचा मसुदा काढता, लेखी सूचना मागवता आणि मग खुली चर्चा ठेवता. हा मसुदा काढाल तेव्हा तो मराठीतही काढा आणि मराठीत आलेल्या सूचना घ्या. चर्चा दिल्लीत नको, नागपुरात ठेवा, जमलं तर यवतमाळात. तारीख मात्र पेरणीची आणि कापूस वेचणीची सोडून धरा, एप्रिल बरा. आमच्या गावचे दहा-बारा जण तरी येतील, ज्यांचे पैसे बुडालेत ते रिचार्जचे मेसेज घेऊन. ऑनलाइन ठेवणार असाल तर आधी सांगा, म्हणजे टाकीजवळ बसायची व्यवस्था करता येईल.

आपला,
एक रिचार्ज दुकानदार
ता. राळेगाव, जि. यवतमाळ